‘हं’ चालणार नाही

लग्न होऊन मी या घरात आले, त्याच्या दुसऱ्याच दिवशी सकाळी सासऱ्यांनी माझ्यापुढे चहाचा कप धरला. मी घेतला, पण त्यांनी सोडलाच नाही. मी ओढतेय, ते धरून उभे आहेत, आणि मध्ये वाफाळता चहा. सासऱ्यांच्या हातून कप हिसकावून घ्यायचा असतो की नाही, हे मला आईने शिकवलं नव्हतं. शेवटी स्वयंपाकघरातून सासूबाईंचा आवाज आला, “अगं, ‘धरलं’ म्हण! नाहीतर चहा गार होईल, पण ते काही सोडायचे नाहीत.”

“धरलं,” मी म्हणाले.

कप लगेच माझ्या हातात आला. “आता कसं!” म्हणत सासरे खुशीत आपल्या खुर्चीकडे गेले. मी मात्र नवऱ्याला बाजूला घेऊन विचारलं, की हे घर शहाण्या माणसांचंच आहे ना. तो म्हणाला, “सवय होईल.” झाली. इतकी झाली की आता ऑफिसात कुणी माझ्या हातून न बोलता फाईल घेतली, तर माझीही बोटं सुटत नाहीत.

सासऱ्यांना आम्ही बाबा म्हणतो. इमारतीतली पोरं त्यांना ‘धरलंबाबा’ म्हणतात आणि ते त्या नावालाही ओ देतात. उंचीने बेताचे, मानेने जाड, आणि खांदे असे वरखाली की एक दुसऱ्या कुणाकडून उसना आणलाय असं वाटावं. उजव्या खांद्यावरून आयुष्यभर ओझ्याचा पट्टा गेला, म्हणून तो कायमचा खाली बसलाय. लोकांचं घरसामान एका घरातून काढून दुसऱ्या घरात पोचवायचं, हा त्यांचा धंदा होता. पलंग, फ्रीज, लोखंडी कपाटं, आणि एकदा एक पियानो. त्या पियानोबद्दल ते अजूनही शिव्या घातल्याशिवाय बोलत नाहीत.

जिन्यावरून कपाट उतरवायला दोन माणसं लागतात, एक वर आणि एक खाली. वरचा वाट सांगतो, तोल सांभाळतो. वजन जवळजवळ सगळं खालच्याच्या अंगावर येतं. बाबा कायम खालचे. “दुसरीकडे मोठा माणूस वर बसतो, आमच्यात मोठा माणूस खाली असतो,” असं ते सांगतात. हे वाक्य त्यांनी मला पहिल्या आठवड्यात ऐकवलं, दुसऱ्यात ऐकवलं, आणि आताही नवा पाहुणा दिसला की त्याला ऐकवल्याशिवाय सोडत नाहीत.

त्यांचा जोडीदार लंबू. उंच, म्हणून तो वरचा. दोघांची जोडी इतकी मुरलेली की बोलायची फारशी गरज पडत नसे. लंबू विचारायचा, “सोडू?” बाबा म्हणायचे, “हं.” की लंबू आपली बाजू सोडून पट्टा बदलायचा. एकदा एका इमारतीत, जिन्याच्या वळणावर, दोघांच्या मध्ये लोखंडी कपाट असताना खाली कुणीतरी धाडकन दार आपटलं. लंबू काय म्हणाला ते बाबांना ऐकू आलं नाही. ते म्हणाले, “हं?”

लंबूला ऐकू आलं, “हं.” त्याने सोडलं.

ही गोष्ट सांगताना बाबा दोन्ही ‘हं’ एकामागून एक म्हणून दाखवतात. फरक आहे, पण कपाटाच्या पलीकडे पोचेल इतका नाही. सगळं लोखंड त्यांच्या छातीवर आलं. एक पाय मागे गेला, खालच्या पायरीच्या कडेला टेकला आणि तिथेच राहिला. पायरी जुनी, दगडी, टाकीने ठोकून मुद्दाम खरखरीत केलेली होती, म्हणून बूट तिला चिकटून राहिला. गुळगुळीत असती तर बाबांची माझी ओळख भिंतीवरच्या फोटोतूनच झाली असती. लंबू उडी मारून खाली आला, दोघांनी कपाट भिंतीला टेकवलं आणि पायरीवरच बसून राहिले. लंबू खूप रडला. “मी नाही रडलो,” असं बाबा म्हणतात आणि म्हणताना खिडकीबाहेर बघतात.

तेव्हापासून ‘हं’ बंद. समोरच्याने ‘धरलं’ असं स्वच्छ म्हटल्याशिवाय हातातली वस्तू सोडायची नाही, मग ते कपाट असो की चमचा. आणखी एक सवय त्यांना तिथूनच लागली. कुठेही चांगली खरखरीत पायरी दिसली की ते तिच्यावर तळवा घासून बघतात आणि पुटपुटतात, “बरी आहेस गं.” पायरीशी इतक्या आदराने बोलणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही. लोकांना सगळं सुरळीत, न अडता सरकायला हवं असतं, याचं त्यांना हसू येतं. “खरंच सरकायला लागलं ना,” ते म्हणतात, “की पहिली हाक कठड्यालाच मारतील.”

घरात ‘हं’ बंद झाला तो बाबांपुरताच. सासूबाईंचा अर्धा संसार ‘हं’वर चाललेला. त्यांचा रागाचा ‘हं’ वेगळा, लाडाचा वेगळा, आणि ‘तुम्ही बोला, मी ऐकत नाहीये’ हा सगळ्यांत ठसकेबाज. “जन्मभर ‘धरलं, धरलं’ करायला मी काय कपाटाचं दुसरं टोक आहे?” असं त्या विचारायच्या. बाबांनी पातेलं पुढे केलं की त्या मुकाट्याने धरायच्या. बाबा सोडायचे नाहीत. त्या “हं” म्हणायच्या. बाबा तरी सोडायचे नाहीत. मग त्या हात काढून घ्यायच्या, “ठेवा ओट्यावर.” बाबा ओट्यावर ठेवायचे आणि त्या ओट्यावरून उचलायच्या. हे मी या घरात यायच्या कितीतरी आधीपासून चालू होतं. भांडण म्हणावं तर तसं नव्हतं, मिटलंय म्हणावं तर तेही नव्हतं. मी बापडी मधल्यामध्ये. माझी नोकरी फोनवर लोकांच्या तक्रारी ऐकायची, म्हणजे दिवसभर ‘हं’ म्हणायचाच मला पगार मिळतो. घराचा उंबरठा ओलांडला की मला भाषा बदलावी लागायची.

पण त्या शब्दाने मला काय दिलं ते मी विसरणार नाही. मुलगी झाली तेव्हा दवाखान्यात मी तिला कुणाच्या हातात द्यायलाच तयार नव्हते. नवरा पुढे आला तर त्याचे हात थरथरताना दिसले. त्यालाही परत पाठवला. डोळे मिटत होते, पण बाळ सुटेल या भीतीने मी झोप रोखून धरली होती. मग बाबा आले. हात कोपरापर्यंत धुतलेले, बाह्या दुमडलेल्या. एक तळवा बाळाच्या मानेखाली गेला, दुसरा पाठीखाली, आणि ते मोठ्याने, स्वच्छ म्हणाले, “धरलं.” माझे हात आपोआप उघडले आणि मी तिथल्या तिथे झोपले. तशी झोप मला पुन्हा कधी लागली नाही, आणि तिच्याबद्दल मी बाबांची जन्माची ऋणी आहे.

सासूबाई शिवणकाम करतात. आम्ही राहतो तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. तळमजल्यावर जिन्याला लागूनच त्यांचं दुकान. दुकान म्हणजे एक पायमशीन, एक टेबल, एक आरसा आणि सगळ्या गल्लीच्या बातम्या. पँट आखूड कर, चेन बदल, वाढलेल्या पोटासाठी कोट ढिला कर. मशीनचा पट्टा चाकावरून घसरायला लागला की त्या आपला कापडावर रेघा मारायचा खडू त्यावर घासायच्या आणि पट्ट्याला दम द्यायच्या. नवऱ्याबद्दलच्या तक्रारी सांगायला बायका कापड घेऊन यायच्या आणि कापड विसरून परत जायच्या. सासूबाईंचा जीव त्या खोलीत होता.

आणि मग तो साबण आला.

नातीचं टेबल खिडकीपाशी लावायचं म्हणून बाबांना घरातलं कपाट हलवायचं होतं. काम सोडून बराच काळ झाला होता, पण खुमखुमी तीच. एकट्याने जड सामान सरकवायचं तर त्याच्या पायांखाली साबणाचं ओलं फडकं घालायचं, ही त्यांची जुनी युक्ती. कपाट लोण्यातून सुरी जावी तसं गेलं. बाबांनी फरशी पुसली. पण पुसलेला साबण गेलेला असतोच असं नाही. खालून गिऱ्हाईक हाका मारत होतं, सासूबाई लगबगीने निघाल्या आणि नेमका तिथेच पाय पडला. खुब्याचं हाड मोडलं.

ऑपरेशन झालं, आत सळई बसली. दवाखान्यातून परत आणताना तीन मजले चढवायचे होते. लंबू धावून आला. खुर्चीला पट्टे बांधले, लंबू वर, बाबा खाली. प्रत्येक वळणावर “धरलं?” “धरलं.” एक धक्का बसला नाही. शेजारी दारात उभं राहून कौतुकाने बघत होते. इतकं देखणं काम मी आयुष्यात पाहिलं नव्हतं. आणि पलंगावर टेकताच सासूबाई भिंतीकडे तोंड करून म्हणाल्या, “कपाट आणल्यासारखं आणलंत मला. आता खाली जाईन ती माझ्या पायांनी. नाहीतर नाही जाणार.”

दुकानाची किल्ली बाबांनी दाराजवळच्या खिळ्याला अडकवली.

त्यानंतर बाबांनी घराचं काय केलं म्हणता! मोरीत, पलंगाखाली, दाराच्या उंबऱ्याशी, जिन्याच्या प्रत्येक पायरीवर खरखरीत कागदाच्या पट्ट्या चिकटवल्या. फडकं फिरवायला गेलं की फाटायचं. माझ्या टाचा सोलवटल्या. नवरा म्हणाला, आपण घरात राहतोय की किसणीवर. पण बाबांचा चेहरा बघून कुणी जोर केला नाही. ते जेवताना घास हातात धरून त्या फरशीकडे बघत बसायचे. साबण त्यांनी लावला होता, आणि घसरण्याबद्दल त्यांच्यापेक्षा जास्त कुणाला कळत होतं?

चालायला शिकवायला एक तरुण बाई येऊ लागली. सासूबाईंनी तिचं नाव ‘कवायतवाली’ ठेवलं. ती गोड बोलून घाम काढायची. महिन्याभरात सासूबाई काठी घेऊन खोलीत फिरू लागल्या, पण एकट्या नाही. बाबा शेजारी, त्यांचा दंड घट्ट धरून.

“बाबा, सोडा आता त्यांना,” कवायतवाली म्हणायची.

“पडेल ती.”

“तुम्ही सगळं वजन स्वतःवर घेताय. पायावर वजन आलंच नाही तर पाय शिकणार कसा? हाडालाही कळू दे ना, की त्याची गरज आहे.”

“बरं,” बाबा म्हणायचे, बोटं जराशी सैल करायचे, आणि तिची पाठ वळली की पुन्हा पकड. तेवढं वजन घ्यायची त्यांच्या खांद्यांना सवयच होती. त्यांना त्याचं काही जड वाटत नव्हतं. जड जात होतं ते सासूबाईंना. जिन्याच्या तोंडाशी गेलं की दोघंही थिजायची आणि परत फिरायची. हळूहळू सासूबाईंनी दाराकडे जाणंच सोडलं. एके दिवशी सहज म्हणावं तसं म्हणाल्या, “ते मशीन कुणा शिकणाऱ्या मुलीला देऊन टाका. गंजून जाईल.” चिडलेल्या सासूबाई मला झेपतात, पण अशा शहाण्यासारखं बोलणाऱ्या नाही.

त्याच सुमारास एका सुटीच्या दुपारी मुलीने टीव्हीवर अंतराळवीर लावले. पाण्याचा गोळा हवेत डुगडुगतोय, एक बाई भिंतीला पाय लावून सुर्रकन या टोकापासून त्या टोकाला जातेय. तिने चमचा सोडला, तो तिथेच राहिला. बाबा खुर्चीत पुढे सरकले.

“सोडला तरी पडत नाही?”

“तिथे सगळेच पडतायत, आजोबा. यान, माणसं, चमचा, सगळे बरोबरच. म्हणून कुणी पडतंय असं दिसत नाही.” हे तिला शाळेत सांगितलं होतं.

“मग एकमेकांना वस्तू देताना ‘धरलं’ म्हणत नाहीत?”

“कशाला म्हणतील?”

बाबा खुर्चीत पुन्हा मागे टेकले. “बिचारे,” ते म्हणाले.

पुढे त्यांचं परत येणं दाखवलं. ती बाई यानातून निघाली ती चालत नाही, तर चार माणसांनी उचलून खुर्चीत बसवलेली. सासूबाई पलंगावर उठून बसल्या.

“हिला काय झालं? मघाशी तर माशासारखी पोहत होती.”

“तिथे पायांवर वजनच नव्हतं ना, आजी. पाय विसरले. आता परत चालायला शिकेल.”

“एवढी धडधाकट बाई! आणि कपाटासारखी उचलून नेतायत तरी हसतेय?”

“घरी आली ना, म्हणून हसतेय.”

सासूबाई म्हणाल्या, “हं.” हा ‘हं’ मी आधी कधी ऐकला नव्हता.

संध्याकाळी मी त्याच खोलीत कपड्यांच्या घड्या करत होते. बाबा सासूबाईंना देवापुढच्या दिव्याशी न्यायला आले, दंड धरला, तर त्या जागच्या हलल्या नाहीत.

“ऐका,” त्या म्हणाल्या. “साबण तुमचा होता, पण घाई माझी होती. गिऱ्हाईक काही पळून जात नव्हतं. ते डोक्यातून काढा आता. तुम्ही मला असं धरून ठेवलंत तर मी इथे वरच तरंगत राहणार, त्या बाईसारखी.”

बाबांनी मान खाली घातली. “भीती वाटते गं,” ते म्हणाले.

“मला काय वाटत नाही? म्हणून तर तुम्ही बरोबर हवे. उद्या जिना उतरायचा. तुम्ही खालचे. ते येतं ना तुम्हाला? पण हात लावायचा नाही.”

मी एकच टॉवेल पुन्हा पुन्हा घडी करत राहिले.

सकाळी कवायतवाली आली. मी रजा टाकली होती. सासूबाईंनी दुकानात जायची साडी नेसली, काठी घेतली आणि जिन्याच्या तोंडाशी उभ्या राहिल्या. कवायतवाली मागे, बाबा एक पायरी खाली, त्यांच्याकडे तोंड करून. सासूबाईंचा एक हात अजून बाबांच्या हातात होता. काठी तात्पुरती दंडाला अडकवलेली. दुसरा हात त्यांनी कठड्यावर ठेवला.

“कठडा धरला?” बाबांनी विचारलं.

“हं,” सासूबाई म्हणाल्या.

बाबांनी हात सोडला नाही.

“बाबा, सोडा की. हो म्हणाल्या त्या,” कवायतवाली म्हणाली.

“‘हं’ चालणार नाही.”

मला वाटलं, आता संपलं. आता या “राहू दे” म्हणतील, हात काढून घेतील आणि पलंगावर जाऊन बसतील. आयुष्यभर ओट्यावर पातेलं ठेवायला लावणारी ही बाई. मला बाबांचा असा राग आला की मी काहीतरी बोलणारच होते. सासूबाईंनी नवऱ्याच्या तोंडाकडे बघितलं. मग कठड्यावरची बोटं एकेक करून नीट आवळली.

“धरलं,” त्या म्हणाल्या.

बाबांना उत्तर म्हणून हा शब्द त्यांच्या तोंडून मी कधी ऐकला नव्हता. बाबांनीही नसावा, कारण ते नुसते बघत राहिले. आणि आता त्यांचाच हात उघडेना.

“अहो, धरलं म्हटलं ना मी.”

हात सुटला. बाबांनी दोन्ही तळवे समोर पसरले, कुठेही न टेकवता, आणि एक पायरी मागे गेले. सासूबाईंनी काठी मोकळ्या हातात घेतली. उतरताना दुखरा पाय आधी, असं शिकवलेलं. काठी, दुखरा पाय, मग चांगला पाय. चप्पल त्या खरखरीत पट्टीवर घासली, खर्र, आणि तिथेच थांबली. ज्या पट्ट्यांना मी इतके दिवस शिव्या दिल्या, त्यांची खरखर मला गाण्यासारखी वाटली. पुढची पायरी. खर्र. बाबा उलटे उतरत होते, मागे न बघता. तो जिना त्यांच्या पायांना पाठ होता.

पहिल्या मजल्याच्या वळणावर काठीचं टोक निसटलं. सासूबाई कलल्या. बाबांचे हात झटकन वर आले आणि त्यांच्या कमरेपासून वीतभरावर थांबले. तिथे ते कसे थांबले, हे त्यांनाच ठाऊक. कठड्याने सासूबाईंना धरलं, त्यांनी कठड्याला. दोघं तशीच उभी राहिली.

“हात खाली,” सासूबाई म्हणाल्या.

बाबांनी हात खाली घेतले आणि माझा जीव भांड्यात पडला.

शेवटची पायरी उतरून सासूबाई जमिनीवर उभ्या राहिल्या. सगळं वजन दोन्ही पायांवर, आपलं आपण. आयुष्यात मी किती वेळा जमिनीवर उभी राहिले असेन, तिने मला ओढून, धरून ठेवलंय याबद्दल कधी तिचे आभार मानले नव्हते. त्या दिवशी मानले, मनातल्या मनात, बाबा पायरीशी बोलतात तसे. कवायतवाली डोळे पुसत होती आणि जिन्यात धूळ फार आहे असं सांगत होती.

“किल्ली?” सासूबाई म्हणाल्या.

किल्ली बाबांच्या खिशात होती. सकाळीच खिळ्यावरून काढलेली. त्यांनी ती पुढे केली. “धरलं,” म्हणत सासूबाईंनी घेतली, जशी काही ही त्यांची रोजचीच बोली. मग कुलपाला दुसरा हात लागणार म्हणून त्यांनी काठी नवऱ्यापुढे केली. बाबांनी मुकाट्याने धरली. त्यांचं लक्षच नव्हतं. ते सासूबाईंच्या पावलांकडे बघत होते.

सासूबाईंनी काठी सोडली नाही.

दोघं उभी, मध्ये काठी. बाबांनी हलकेच ओढून बघितली, सुटेना. त्यांनी वर बघितलं. तोंडातून कसाबसा शब्द निघाला तो इतकाच, “हं.”

“‘हं’ चालणार नाही,” सासूबाई म्हणाल्या.

बाबांनी बाहीने तोंड पुसलं, खांदा सरळ केला, मोठ्याने म्हणाले, “धरलं,” आणि काठी सुटली.